कोबा आणि भिंत यांच्यामधली फट

मृग नक्षत्र लागून चार-पाच दिवस झाले की आमच्या माजघराशेजारच्या खोलीत, मागच्या भिंतीच्या बुडाशी, तांबड्या मातीची एक बारीक रेघ उमटू लागे. ती मुंग्यांनी खालून वर आणून टाकलेली माती होती. सकाळी झाडून काढली तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच दिसे, आणि आषाढ येईपर्यंत त्याच रेघेच्या कडेने कोब्याचा रंग गडद होत जाऊन हातभर रुंदीचा ओला पट्टा तयार होई. त्या खोलीत भाताची कणगी आणि माझ्या पुस्तकांची ट्रंक असे. कणगी आम्ही दरवर्षी पुढे सरकवत गेलो, आणि शेवटी ती खोलीच्या मधोमध आली, तेव्हा याचा काहीतरी बंदोबस्त केला पाहिजे असे मी ठरवले. त्या कामाला पुढे दोन पावसाळे आणि त्यांच्यामधला एक उन्हाळा लागला.

घर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेले, देवगड तालुक्यातल्या एका उतारावरच्या गावात. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, पायाही चिऱ्याचाच, आणि नव्या बांधकामात ओल अडवण्यासाठी जोत्यावर डीपीसीचा जो थर घालतात, तो अर्थातच नाही. सासूबाईंच्या काळात या खोलीची जमीन शेणाने सारवलेली होती. तेव्हा जमीन आणि भिंत यांच्या सांध्याकडे कोणी मुद्दाम लक्ष दिल्याचे त्यांना आठवत नव्हते, आणि त्याचे कारण मला फार उशिरा उमगले. सारवताना हात भिंतीच्या बुडाशी फिरून थोडा वर वळत असे, त्यामुळे तिथे जी काही भेग पडे ती पुढच्या सारवणापलीकडे टिकतच नसे. पुढे मामंजींनी, घरातल्या बायकांचा तो त्रास वाचावा म्हणून, खाली दगडगोट्यांची भर घालून चार इंचांचा कोबा करून घेतला. काम मे महिन्याच्या अखेरीला झाले. पाऊस तोंडावर आलेला, गवंडी घाईत, त्यामुळे कोब्यावर पाणी जेमतेम तीन दिवस मारले गेले.

काँक्रीट वाळताना आक्रसते. साधारण हिशेब मीटरमागे अर्धा मिलिमीटर असा धरतात. पाणी कमी मारले किंवा मालात पाणी जास्त झाले तर आक्रसणे आणि तडकणे दोन्ही वाढते. आमची खोली चार मीटर लांब आहे, म्हणजे दोन मिलिमीटर तेवढ्यानेच गेले. कोबा भिंतीच्या गिलाव्याला नुसता टेकलेला होता, सांधलेला नव्हता, म्हणून हे आक्रसणे कडेला येऊन फटीच्या रूपाने दिसू लागले. त्यात भर थोडी खचली असावी, कारण मागच्या भिंतीपाशी काही ठिकाणी फट चार मिलिमीटरपर्यंत रुंद होती. पोस्टकार्ड उभे घातले तर ते अर्धे आत जाई.

पहिल्या वर्षी मी जे केले ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे, कारण आमच्या भागात बहुतेक घरांत नेमके तेच करतात. ऐन जुलैमध्ये, खोलीत कुबट वास सुटल्यावर, मी फटीत पांढरे सिमेंट भरले. आठ दिवसांत ते भिंतीच्या बाजूने सुटले आणि आधीच्या एका फटीच्या जागी केसाएवढ्या दोन फटी झाल्या. मग तालुक्याच्या गावातल्या एका दुकानदाराने सिलिकॉनची नळी दिली आणि तिच्याबरोबर भिंतीला खालून तीन फूट लावायचा ‘वॉटरप्रूफ’ रंग दिला. दोन्हींच्या वेष्टनावर पृष्ठभाग कोरडा असावा असे स्पष्ट लिहिले होते. मी फडक्याने पुसून, पंखा लावून, पृष्ठभाग कोरडा झाला असे स्वतःला पटवून दिले. गणपतीच्या आधी खोली आवरायला घेतली, तेव्हा सिलिकॉनची ती पांढरी पट्टी एका टोकाला धरून ओढली तर शेवयांसारखी अखंड हातात आली. रंगाची गत त्याहून वाईट झाली. पूर्वी ओल जमिनीपासून दोन फुटांपर्यंत दिसे. आता तीन फुटांपर्यंत रंगाला फोड आले आणि त्याच्याही वर, साडेचार फुटांवर, ओलीची नवी कड उमटली. भिंतीतले पाणी पूर्वी खोलीच्या हवेत सुकून जात होते, ती वाट मी बंद केली होती, म्हणून ते वर चढले.

त्यानंतर मी आमच्या गावच्या मेस्त्रींना बोलावले. त्यांनी फटीकडे पाहिलेच नाही. ते थेट घराच्या मागे गेले, छत्री घेऊन दहा मिनिटे तिथे उभे राहिले, आणि परत येऊन म्हणाले, “बाई, पाणी खयसून येता ता आधी बगूया, मगे काय बुजवूचा ता ठरवू.” मी शाळेत तीस वर्षे मुलांना हेच सांगत आले होते की उत्तर लिहिण्याआधी प्रश्न वाचा.

उरलेला पावसाळा आम्ही काहीही न करता पाहण्यात घालवला. पारदर्शक प्लास्टिकचे दीड फूट लांब-रुंद चार तुकडे कापून मी ते कोब्यावर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद केले: एक खोलीच्या मधोमध, एक पुढच्या भिंतीपाशी आणि दोन मागच्या भिंतीला लागून. असा तुकडा किमान सोळा तास ठेवायचा असतो. मी पूर्ण दोन दिवस ठेवले. मधल्या तुकड्याच्या वरच्या बाजूला थेंब जमले होते, खालची बाजू आणि कोबा मात्र कोरडे होते. मागच्या भिंतीलगतच्या दोन्ही तुकड्यांच्या खाली पाणी होते आणि तिथला कोबा काळपट पडला होता. याचा अर्थ असा की खोलीच्या मध्यभागी जे ओले वाटे ते जमिनीतून येतच नव्हते. ते हवेतले पाणी थंड कोब्यावर जमत होते. मामंजींनी घातलेली दगडगोट्यांची भर येथे उपयोगी पडली होती. पाणी केसासारख्या बारीक छिद्रांतून वर चढते, आणि छिद्र जितके बारीक तितके ते उंच जाते. गोट्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांतून त्याला चढता येत नाही.

चिऱ्याचे मात्र तसे नाही. या दगडाला इंग्रजीत लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन या सर्वेक्षकाने मलबारातला चिरा पाहून १८०७ साली दिले, ते लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. खाणीतून मऊ निघणारा आणि हवेवर कठीण होणारा हा दगड पाणी पिण्याच्या बाबतीतही विटेचाच भाऊ आहे. डीपीसी नसलेली चिऱ्याची भिंत पायातले पाणी दिव्याच्या वातीसारखी वर ओढते. त्यातच आमच्या भिंतीचा सिमेंटचा गिलावा जुन्या काळी खाडीच्या वाळूत केलेला. भिंतीवर फुललेला पांढरा लोणा बोटावर घेऊन जिभेला लावला तर स्वच्छ खारट लागला. मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की आपणहून पाणी खेचून घेऊ लागते, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे पायातले पाणी पूर्ण थांबवले असते, तरी तो गिलावा पावसाळ्यात ओला दिसलाच असता.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मेस्त्रींनी छत्रीखाली उभे राहून पाहिली होती. घराची मागची बाजू दरडीकडची. पन्नास-साठ पावसाळ्यांत वरून वाहून आलेली माती, पालापाचोळा आणि आम्हीच टाकलेली केराची राख साचून तिथली जमीन खोलीतल्या कोब्यापेक्षा नऊ इंच उंच झाली होती. कौलांच्या पागोळ्या त्याच पट्ट्यात पडत. ज्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तिथे अर्ध्या छपराचे पाणी आम्ही भिंतीच्या मुळाशी ओतत होतो आणि आतून नळीभर सिलिकॉन लावून ते थांबेल अशी अपेक्षा करत होतो.

दिवाळीनंतर कामाला सुरुवात झाली ती बाहेरून. मागची जमीन खणून कोब्याच्या पातळीपेक्षा फूटभर खाली नेली. चिऱ्याच्या जुन्या पायाजवळ सलग चर खणला तर भिंत खचण्याची भीती असते, म्हणून मेस्त्रींनी एका वेळी पाच फूटच खणले आणि तेवढा भाग भरल्याशिवाय पुढे गेले नाहीत. चराच्या तळाशी भोके पाडलेला पाइप, भोवती गाळ अडवणारे कापड आणि वर खडी. चोवीस फुटांच्या लांबीत तीन इंचांचा उतार दिला, म्हणजे शंभराला एक, आणि पाइपाचे तोंड माडांकडे काढले. छपराला पन्हळ लावली. भिंतीलगत अडीच फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूला उतरती फरशीबंदी केली. एकूण खर्चाचा मोठा वाटा या बाहेरच्या कामातच गेला, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाने विचारले की ओल आत असताना तुम्ही बाहेर कसली बाग करता आहात.

आतल्या भिंतीचा गिलावा चार फुटांपर्यंत काढून टाकला आणि चिरे उघडे ठेवले. या टप्प्याबद्दल सांगण्यासारखे एवढेच की यात काही करायचे नसते आणि म्हणूनच तो अवघड जातो. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असे तीन महिने खिडक्या उघड्या ठेवल्या आणि चिऱ्यांवर येणारा लोणा दर आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून, घराबाहेर टाकला. तो पाण्याने धुतला असता तर मीठ पुन्हा भिंतीतच गेले असते. शहरातल्या एका ठेकेदाराने भिंतीला भोके पाडून रसायन भरण्याचा पर्याय सुचवला होता आणि पाच वर्षांची हमीही देऊ केली होती. चिऱ्याच्या आत इतक्या पोकळ्या असतात की ते रसायन कुठवर जाईल हे त्याला सांगता येईना, म्हणून मी तो मार्ग सोडून दिला.

मार्चमध्ये नवा गिलावा केला तो चुन्याचा. त्यासाठी नदीची वाळू आणली आणि तीही तीन पाण्यांनी धुतली. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीला श्वास घेता येतो, हे त्याच्या बाजूचे कारण. पण त्याला सीलंट, म्हणजे फट बुजवायचा रबरासारखा माल, नीट धरून राहत नाही, कारण तो मऊ असतो आणि त्याचा वरचा थर सीलंटबरोबर निघून येतो. उघड्या चिऱ्यालाही सीलंट धरत नाही, कारण त्यावर खड्डेच खड्डे. यावर बराच खल झाला. शेवटी भिंतीच्या तळाशी फक्त चार इंच उंचीचा पट्टा एकास तीन प्रमाणातल्या सिमेंट-वाळूचा, पाण्यात लॅटेक्स (मालाची पकड वाढवणारे रसायन) मिसळून केला आणि चुना त्याच्या वरून सुरू केला. पट्टा करताना भिंत आणि कोबा यांच्यामध्ये मेस्त्रींनी लाकडाची पट्टी उभी ठेवली होती, जेणेकरून नवा माल कोब्याला चिकटू नये. त्यांना खरे तर गच्चीवर देतात तसा सिमेंटचा गोलसर वाटा द्यायचा होता. परंतु कोबा आणि भिंत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्या उन्हापावसात वेगवेगळ्या हलतात, आणि त्यांना कडक मालाने जखडले की तडा जातो हे मी पांढऱ्या सिमेंटच्या निमित्ताने पाहिले होते. त्या पट्ट्याला आठ दिवस पाणी मारून पुढे महिनाभर सुकू दिला. मामंजींच्या वेळची चूक पुन्हा होऊ द्यायची नव्हती.

फट बुजवण्याचे प्रत्यक्ष काम एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दोन दिवसांत झाले. पहिल्या दिवशी ग्राइंडरने फट सर्वत्र दहा मिलिमीटर रुंद करून घेतली. मेस्त्रींनी यंत्र बंद करून मला विचारले, “फट बुजवूची आसा ना बाई? मगे ती मोठी कित्याक करतास?” प्रश्न रास्त होता. मी वापरणार होते ते पॉलियुरेथेनचे सीलंट, ज्याला दुकानात पीयू सीलंट म्हणतात, ते आपल्या रुंदीच्या २५ टक्क्यांपर्यंत ताणले किंवा दाबले जाणे सोसते. फट दोन मिलिमीटरची ठेवली तर ते जेमतेम अर्धा मिलिमीटर सोसेल; दहाची केली तर अडीच. कोबा तेवढाच हलणार आहे, फट कितीही असो. हे मी खडूने कोब्यावरच लिहून दाखवले. मेस्त्रींनी मान डोलावली आणि मग फटीची रेघ माझ्यापेक्षा कितीतरी सरळ कापली.

त्यानंतर सफाई. हे काम कंटाळवाणे असते आणि सगळे यश त्यावरच अवलंबून असते. ग्राइंडरची भुकटी आधी ब्रशने, मग फुंकणीने, मग शेजारच्या घरातून आणलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने काढली. बोट फिरवून पांढरे होत नाही इथपर्यंत हे चालले. मग फटीत फोमची गोल दोरी बसवली. बारा मिलिमीटर जाडीची ही दोरी दहाच्या फटीत दाबून बसते आणि घट्ट राहते. तिची दोन कामे असतात. एक म्हणजे सीलंट किती खोल जाईल ते ती ठरवते. रुंदीच्या निम्म्याच्या आसपास खोली पुरते, आम्ही सहा मिलिमीटर ठेवली. दुसरे काम अधिक मोलाचे आहे. सीलंट दोरीला चिकटत नाही, ते केवळ डाव्या आणि उजव्या कडेला चिकटते, त्यामुळे दोन्ही कडा दूर गेल्या की ते रबरासारखे ताणले जाते. तळालाही चिकटले असते तर त्याला ताणायला मोकळीक उरली नसती आणि ते एका कडेने फाटले असते. माझ्या पहिल्या वर्षीच्या सिलिकॉनखाली अशी कोणतीही दोरी नव्हती, हे दोरी हातात धरल्यावर मला आठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीलंट नीट चिकटावे म्हणून कडांना प्रायमर लावला, तो सुकल्यावर दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावली आणि गनने सीलंट भरले. हिशेब सोपा होता: दहा गुणिले सहा मिलिमीटरच्या फटीला मीटरमागे ६० मिलिलिटर, दार वगळता खोलीचा घेर साडेतेरा मीटर, म्हणजे आठशेच्या थोडे वर. सहाशे मिलिलिटरच्या दोन कांड्या आणल्या. गन हळू आणि एकसारखी पुढे ढकलावी लागते, नाहीतर आत हवेचे बुडबुडे राहतात. भरलेले सीलंट गोल दांड्याच्या चमच्याने दाबून आत बसवले आणि पट्टी लगेच, ते ओले असतानाच, काढून टाकली. पीयू हवेतल्या आर्द्रतेवर कठीण होते, त्यामुळे निदान या एका बाबतीत कोकणची हवा आमच्या बाजूने होती. तरीही आठवडाभर खोलीत कोणाला पाय ठेवू दिला नाही.

यात एक चूक झालीच. मागच्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याचा जुना पाइप जमिनीतून वर येतो. तिथला कोबा इतरत्र कोरडा असताना किंचित गडद दिसत होता. मेस्त्रींनी ते मला दाखवले होते. पण एप्रिल संपत आला होता, आंब्याची पेटी भरायला माणसे मिळत नव्हती, त्यांना दुसरीकडे जायचे होते, आणि मी म्हणाले, भरून टाका.

पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. पहिले दहा दिवस मी रोज सकाळी बॅटरी घेऊन भिंतीच्या बुडाशी वाकून पाहत असे. मुंग्यांची मातीची रेघ आली नाही. चराच्या पाइपातून माडांकडे मनगटाएवढी धार सुरू झाली आणि ती पाहताना हेच पाणी इतकी वर्षे कुठे जात होते याचा उलगडा झाला. जुलैत पुन्हा प्लास्टिकचे तुकडे लावले. भिंतीलगतच्या दोघांपैकी उजवीकडच्या तुकड्याखाली कोबा कोरडा निघाला. डावीकडच्या तुकड्याखाली, पाइपाजवळच्या कोपऱ्यात, दीड फूट लांबीचा ओला डाग होता आणि तिथे सीलंट कोब्याच्या कडेवरून नखाने उचलता येत होते. ओल्या जागी लावलेले नवे सीलंटही जुन्या सिलिकॉनसारखेच वागले.

मधोमध जमणारे पाणी अजूनही जमते, आणि त्याचा फटीशी संबंध नाही हे घरातल्यांना पटवणे मला भिंतीपेक्षा अवघड गेले आहे. बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असली, तर २६ अंशांपर्यंत थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर दव धरते, आणि आमचा कोबा पहाटे तेवढा थंड असतोच. पूर्वी ‘हवा खेळू दे’ म्हणून सकाळी उठल्याबरोबर त्या खोलीच्या खिडक्या उघडत असू. आता मुसळधार दिवसांत त्या बंद ठेवतो, पंखा लावतो आणि उघडीप मिळाली की दुपारीच उघडतो. कणगी मात्र पुन्हा भिंतीकडे नेलेली नाही. ती लाकडी घडवंचीवर, खोलीच्या मध्यातच आहे.

कोपऱ्यातला दीड फूट या येत्या मार्चमध्ये पुन्हा कापायचा आहे, पाइपाची गळती तपासूनच. दुसऱ्या कांडीत निम्म्याच्या वर सीलंट उरले होते, ते मी तोंड बांधून जपून ठेवले होते; परवा उघडून पाहिले तर आतल्या आत दगड झाले होते. नवी कांडी आणायची म्हणून मेस्त्रींच्या वहीत लिहून दिले आहे.